बाबांचा हात दुखायची वाट

माझ्या वडिलांचं उजव्या हाताचं मधलं बोट होडीच्या इंजिनाच्या पट्ट्यात गेलं. बोट गेलं, दुखणं मात्र राहिलं, तेही नसलेल्या बोटात. त्या रिकाम्या जागेकडे बघून बाबा कळवळायचे आणि शाळेत चाळीस पोरांना एका नजरेने गप्प करणारी त्यांची लेक, म्हणजे मी, नुसती हात चोळत उभी राहायची. मला भयंकर संताप यायचा. नेमका कोणाचा, ते कळत नसे.

शेवटी गोव्यातल्या एका डॉक्टरांनी नवा उपाय सांगितला. दंडातल्या नसेभोवती बारीक तार, कातडीखाली डबी आणि बाहेर मुठीत मावेल एवढं बटण. बटण दाबलं की सरसर उलटसुलट होणारी वीज नसेत शिरते आणि दुखण्याचा निरोप तिथेच अडतो. बंद केलं की थोड्या वेळाने नस पहिल्यासारखी. काही ठिकाणी म्हणे हेच काम उजेडाने करून बघतायत.

"उजेडान? मगे माज्या हातार बॅटरी मारा," बाबा म्हणाले.

डॉक्टर हसले, पण लगेच त्यांनी बजावलं: ही नस स्पर्शाचा निरोपही नेते. बटण चालू असताना अंगठा आणि तर्जनी बधिर राहणार. चूल, सुरी, दोरी यांच्या वाटेला जायचं नाही. बटण त्यांनी माझ्या हातात दिलं, कारण बाबांनी ते दिवसभर चालूच ठेवलं असतं. शिकलेली म्हणून माझ्यावर भरवसा, आणि घोळ घातला तो मीच.

आमच्याकडे मासे गरवणाऱ्याने गळाच्या दोरीकडे बघायचं नसतं. तंगुसाचा, म्हणजे त्या नायलॉनच्या दोरीचा, वेढा तर्जनीवर घ्यायचा आणि नजर किनाऱ्यावर ठेवायची. देवळाचा कळस आणि मागचा उंच माड एका रेषेत राहिले, म्हणजे होडी पाण्याखालच्या खडपावरून सरकलेली नाही. मासा लागला की ते बोटाला कळतं. लहानपणी मी दोरीकडे बघितलं की डोक्यात टपली बसायची.

एका रविवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर होडीत होते. गळ टाकण्याआधीच दुखणं सुरू झालं.

"घराक जाऊया," मी म्हटलं.

"आत्ताच तर इलंव गो," ते दात आवळून म्हणाले.

ते तोंड मला बघवेना. मी बटण दाबलं. हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला आणि त्या आनंदात डॉक्टरांचं सगळं बोलणं मी विसरले. बाबांनी सवयीने गळ टाकला, तर्जनीला वेढा घेतला आणि कळसाकडे बघत बसले. मीही शहाण्या मुलीसारखी कळसाकडेच बघत बसले.

होडीला एक हिसका बसला. लाट असेल, असं वाटलं. मग फळीवर थेंब पडल्याचा आवाज आला म्हणून खाली बघितलं, तर थेंब लाल होते.

तंगूस तर्जनीत खोल रुतला होता. खालून मोठा मासा ओढत होता आणि बोट मेणासारखं पांढरं पडलं होतं. बाबांची नजर अजून कळसावर!

"बाबा, बोट!"

"खंयचा?"

आमिष कापायच्या सुरीने मी दोरी तोडली, वेढा सोडवला, बटण बंद केलं आणि त्यांच्या बोटाला चिमटा काढला.

"कळता?"

"नाय."

पुन्हा काढला. "नाय गो." आता तेही बोटाकडे बघत होते. हे बोटही गेलं तर गरवणं संपलं, आणि घरात बसलेले बाबा मला कल्पनेतही सोसवत नव्हते. देवळाचा कळस समोर होता. देवाला गाऱ्हाणं मी जन्मात कधी घातलं नव्हतं, ते तिथे घातलं. दुखू दे रे म्हाराजा, माझ्या बापाचा हात दुखू दे.

किती वेळ गेला कोण जाणे.

"आवशीचो घोव!" बाबा एकदम किंचाळले. आधी नसलेलं बोट दुखलं, मग असलेलं. ते शिव्या घालत होते आणि मी त्यांचा हात धरून रडत होते, हसत होते.

टाके पडले, बोट वाचलं. आता बटण फक्त घरात, जेवून झोपेपर्यंत. गरवायला जायच्या दिवशी मात्र बाबा पहाटेपासून बरे असले तरी पायरीवर येऊन हात पुढे करतात आणि म्हणतात, "एकदा बघ गो, बंद आसा मा?"

मी बटण दाखवते. तरी ते हलत नाहीत. दोघंही वाट बघत उभे राहतो. मग त्यांच्या कपाळावर आठी पडते, ओठ आवळतात.

"इला," ते म्हणतात आणि गळाची दोरी उचलतात.