नाचायला बोलावलेले रहिवासी

“तुले बोलानं नही शे, नाचानं शे.”

एवढंच म्हणाला आणि त्याने माझ्या हातात पिशवी कोंबली. कॉलनीच्या अध्यक्षांचा माणूस. पिशवीत मोरपिसांचे टोप. खरे नाहीत. शाळेच्या गॅदरिंगला भाड्याने मिळतात तसले, प्लास्टिकच्या पिसांचे.

मी एसटीत कंडक्टर आहे. शहादा-धडगाव फेरी संपवून खाकीतच धावत आले होते. खांद्याला बॅग, छातीवर बिल्ला. तरी त्याला मी नाचणारीच दिसले. आमची वस्ती म्हटली की ढोल, एवढंच त्यांना पाठ.

सभा आमच्याच मैदानावर होती. शहाद्याच्या कडेला एक कॉलनी आहे, तिच्या मागे आमची वस्ती, आणि दोन्हींच्या मध्ये ही मोकळी जागा. तिथे एक बिल्डर फ्लॅट बांधणार होता. त्यावर रहिवाशांचं म्हणणं ऐकायला नगरपालिकेचे साहेब आले होते.

मोकळी जागा म्हणे! कधी मोकळी होती ती? वस्तीतली लग्नं तिथे लागतात. घरात पाय पसरायला जागा नाही, म्हणून मयतसुद्धा तिथेच आणून ठेवतात. माझे आईबाप मोलगीकडच्या डोंगरातून ऊसतोडीला खाली उतरले आणि इथेच राहिले. तेव्हापासून आमच्या होळीची काठी, उंच बांबू, तिथेच रोवून उभी राहते. ती जागा गेली तर आमच्याकडे चार पत्रे उरतात, गाव उरत नाही. हेच सांगायला मी आले होते.

मंडपात खुर्च्या कॉलनीच्या. आम्ही कडेला, उन्हात, ढोलवाल्यांशेजारी माझा बाही. एकेक जण उठून बोलत होता. कुणाला जॉगिंग ट्रॅक हवा, कुणाला गाड्या लावायला जागा. एक बाई खरंच तावातावाने बोलली, “आमना नळले आत्तेच पानी येत नही. आखो फ्लॅट बांधतीन ते आम्ही काय पिसूत?” मला बरं वाटलं. वाटलं, चला, एक तरी आपल्या बाजूची. मग तीच म्हणाली, बांधायचंच असेल तर आधी मागची झोपडपट्टी हलवा, तिथून घाण येते. त्या झोपडपट्टीतलीच बाई तिची भांडी घासते.

साहेबांनी विचारलं, “रहिवाशांपैकी आणखी कुणाला काही मांडायचं आहे?”

मी हात वर केला. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं.

“नही साहेब, सगळासनं हुई गयं.”

मग माईकवर शुद्ध मराठीत म्हणाले, “आता आपले आदिवासी बांधव पारंपरिक नृत्य सादर करतील.” टाळ्या पडल्या.

या टाळ्या माझ्या जुन्या ओळखीच्या. शाळेत पंधरा ऑगस्टचं भाषण मी पाठ केलं होतं. सरांनी माझ्या कमरेला पानं बांधली आणि नाचायला उभं केलं. भाषण दुसऱ्याच मुलीने केलं. मी नाचले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला चक्क बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची चीड मला अजून येते.

अध्यक्षांनी पिशवीतला एक टोप काढला आणि स्वतःच्या हाताने माझ्या बाच्या डोक्यावर ठेवला. “देखा, कसा राजा दिखी ऱ्हायना!” फोटोवाल्याने फोटो काढला. उद्या तोच फोटो दाखवून म्हणणार, वस्तीसुद्धा खूश होती.

आमच्यात टोप हौसेने घालत नाहीत. तो नवस असतो. होळीच्या दिवसांत नवस फेडणारा टोप घालतो. मग तो पायात काही घालत नाही, खाटेवर निजत नाही, अंघोळ करत नाही, बायकोपासून लांब राहतो. मी लहान असताना तापाने मरायला टेकले होते. बाने माझ्यासाठी हा नवस केला आणि फेडला. आज मी जिवंत आहे ती त्यामुळे, असं आमच्या घरात मानतात.

आता डोक्यावर प्लास्टिकची पिसं आली, आणि बाने मुकाट्याने पायातल्या चपला काढल्या.

कुणी सांगितलं नव्हतं. पिसं खोटी आहेत हे त्यालाही दिसत होतं. पण डोक्यावर टोप आणि पायात चपला, हे त्याला जमेना. वैशाखातली जमीन तापलेली. तो एक पाय उचलायचा, दुसरा ठेवायचा. खुर्च्यांतून कुणीतरी ओरडलं, “चपला काब्र काढ्यात रे? हाई काय देऊळ शे?” सगळा मंडप हसला. बासुद्धा हसला, हात जोडून.

तळपाय त्याचे भाजत होते, आग माझ्या मस्तकात गेली.

ढोलावर पहिली थाप पडली. मी बासमोर जाऊन उभी राहिले. आमच्या बोलीत म्हणाले, “बा, चपला घाल.”

“डोक्यावर टोप आहे, पोरी.”

“मग टोप काढ.”

बाला मी कधी हुकूम केला नव्हता. त्याने दोन्ही हातांनी टोप उतरवला, अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि चपला घातल्या. ढोल आपोआप थांबला.

मी माईककडे गेले तर तो बंद केला. करा! खच्चून भरलेल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत आवाज पोचवायची सवय आहे मला. म्हणाले, “साहेब, आम्हीपण रहिवासी आहोत. आमचं म्हणणं ऐका. ही जागा आम्ही देणार नाही.”

साहेब घड्याळ बघत म्हणाले, “रहिवासी म्हणजे प्लॉटधारक. तुमचं वेगळं बघू.”

अध्यक्ष म्हणाले, “इतला वरीस घरना मायक वागाडं तुमले!”

“घरचे होतो तर खुर्ची का नव्हती?” मी विचारलं. मंडप उठला.

पुढे व्हायचं ते झालंच. वर्दीत सभेला गेले म्हणून माझ्यावर तक्रार गेली. वस्तीतल्या बायकांची कॉलनीतली कामं सुटली. काही जणी माझ्या दारात येऊन भांडल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या चुली माझ्यामुळे थंडावल्या. पण नाचायचं बोलावणं पुन्हा आलं, तेव्हा त्यांच्यातलंही कुणी गेलं नाही.

मग एका सकाळी बा पहार घेऊन मैदानाच्या मधोमध खणायला लागला. काठी रोवायचा खड्डा. होळी कुठच्या कुठे, अजून पाऊससुद्धा पडायचा होता. म्हाताऱ्यांनी ओरड केली की आधी खणायची रीत नाही. बा म्हणाला, “जागा राहिली तर रीत राहील.” थोड्या वेळाने त्या म्हाताऱ्यांनीच माती उपसायला सुरुवात केली.

आता आम्ही पाळीपाळीने तिथे बसतो. माझी पाळी ड्यूटी सुटल्यावर. जागेचा निकाल अजून लागलेला नाही, आणि तो आमच्या बाजूने लागेल अशी खात्री मला कुणी दिलेली नाही. बिल्डरचं मशीन आलं तर त्यांना आधी हा खड्डा बुजवावा लागेल.

आम्ही खड्ड्यात उतरून बसू. बुजवायचा तर आमच्यासकट बुजवा.