लक्ष्म्यांमागची करडी भिंत

गारखेड्यातल्या आमच्या घराला रंग द्यायचं ठरलं तेव्हा करडाच हवा, हा हट्ट माझा एकट्याचा होता. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात बायकोचा काही दोष नव्हता. ऑफिसातल्या एका मित्राचा करडा हॉल मी पाहिला होता. आमचा पिस्ता. संध्याकाळी दमून आलो की तो रंग अंगावर यायचा.

रंगांच्या छापील कार्डावरून कळणार नाही म्हणून रंगाऱ्यानं हॉलच्या मोठ्या भिंतीवर दोन चौकोन रंगवून दिले. एक किंचित निळसर, कबुतराच्या पाठीसारखा. दुसरा जरा मातकट. मला निळसर आवडला, बायकोला मातकट. वडिलांनी चष्मा पुसून दोन्ही पाहिले.

"एकच तर हायेत. भांडा तुम्ही, मी चहा पितो."

तेवढ्यात आई देवळातून आली.

"हे काय रं, भिंतीला ओल आली का?"

"ओल नाही आई, रंग आहे. यातला एक निवडायचाय."

"ह्यातला? राखंचा रंग घराला देत असतेत का? सुतक असल्यावानी!"

मी हसण्यावारी नेलं. पण जेवण झाल्यावर तिनं महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांचा डबा माळ्यावरून काढायला लावला आणि आपल्या पिशवीपाशी ठेवला. महालक्ष्म्या पंधरा-वीस दिवसांवर आल्या होत्या.

"यंदा लक्ष्म्या सोयगावला बसतील. तुझ्या धाकट्या भावाच्या भिंती तरी उजळ हायेत."

मुखवटे तिच्या सासूनं तिच्या हाती दिलेले. ते जिथं, तिथं सण. आम्ही इथं राहायला आल्यापासून लक्ष्म्या याच भिंतीपुढं बसत होत्या आणि आई उगाच धमक्या देणाऱ्यातली नाही. या हॉलमध्ये मी जागेपणी दोन-तीन तास असतो. ती दिवसभर असते. आणि रंग मी माझ्या डोळ्यांसाठी निवडत होतो. तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं, दाखवलं होतं फक्त.

सकाळी मी तिच्यापुढं जाऊन बसलो. "रंगाऱ्याला नको म्हणून सांगतो. पिस्ताच देऊ."

"मी म्हणते म्हणून नको करू. तुला दाखवतेच चल."

लक्ष्म्या घरात येतात त्या दिवशी आई त्यांच्यामागच्या भिंतीवर आपल्या पंजाचे छाप उमटवते, आधी हळदीचे, मग कुंकवाचे. तिनं वाटीत हळद कालवली, पंजा बुडवला आणि निळसर चौकोनावर दाबला. हळद हिरवट पडली.

"बघ. शेवाळ झालं लक्ष्मीच्या हाताचं!"

मग खटला पुरता निकालात काढावा तसा तिनं पंजा पुन्हा बुडवून मातकट चौकोनावर दाबला.

पाचही बोटं झेंडूसारखी पिवळीधमक उठली. पिस्त्यावर तिचा हात कधीच इतका उठला नव्हता. दरवर्षी ती दोनदा-तीनदा दाबायची, तरी फिकाच. आई दोन पावलं मागं सरली. पदरानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"कुंकू आण गं," ती बायकोला म्हणाली.

कुंकूही तसंच उठलं.

"मग?" मी भीतभीत विचारलं.

"मग काय मग? रंगाऱ्याला बोलव. अन् ते कबुतर घरात नको."

बायको माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हणजे माझाच रंग."

"मला इचारलं असतं तर मी हाच सांगितला असता," वडील म्हणाले.

"तुम्हाला तर दोन्ही एकच दिसत व्हते!" आईनं त्यांना तिथंच गप्प केलं.

मग हात धुऊन तिनं धाकट्याला फोन लावला. राखेचा विषयसुद्धा काढला नाही. "यंदा तुम्हीच या इकडं. अन् सूनबाईला दोन दिवस आधी पाठव, पुरणाला हात लागतेत." पलीकडून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण आई हसली. तेव्हा कुठं मी रंगाऱ्याला फोन करायला गॅलरीत गेलो. त्यानं रंगाचा नंबर विचारला. इतकं हलकं वाटत होतं, की कार्ड कुठं ठेवलंय तेही मला आठवेना.