चार बोटांची फट

चौसाळ्याच्या गॅरेजात मी पंक्चर काढायला थांबलो होतो, तेव्हा तो दिसला. कार बसकी, म्हणजे जमिनीलगत खाली, करायला आलेला. सारखा वाकून टायर आणि मडगार्डमधली फट बोटांनी मोजायचा.

मिस्तरी म्हणाला, "आखूड लोअरिंग स्प्रिंगा टाका. स्वस्तातले कॉइलओव्हर शॉकअप लई टिकत न्हाईत."

"स्प्रिंग एकदा बसली की बसली," तो म्हणाला. " कॉइलओव्हर पान्यानं वर-खाली व्हतो. लग्नसराईत एक बोट फट ठिवीन. आता उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता उखडलाय, चार बोटं ठिवा."

"तरी घासणार," मिस्तरी हसला.

कॉइलओव्हर बसले. समोरच गावकऱ्यांनी घातलेला उंच गतिरोधक होता. बसक्या गाड्या तिथं हमखास पोट घासतात. आम्ही कान टवकारले. गाडी चढली, उतरली. कसलाच आवाज नाही!

मिस्तरीच्या आधी मीच शिट्टी मारली. खिडकीतून त्याचा हात वर आला. चारही बोटं ताठ.