काट्याच्या ताटलीखालची अक्षता

ऑक्टोबर महिना, दसऱ्यानंतरचा पहिला शनिवार. खोलीचं भाडं पंधरा युरो, दोघांत मिळून. हजर तिघं: मी, आमचे शेजारी आणि नेमबाजीच्या रेंजचा अधिकारी. भरलेली काडतुसं चाळीस. एवढं आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे गोंधळ नको.

आम्ही आयर्लंडमधल्या एनिस गावात राहतो. मी शॅननच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. हृदयाच्या आत घालायच्या नळ्या तिथे बनतात, आणि त्या मापात आहेत की नाहीत हे बघणं माझं काम. नेमबाजीची आवड त्याहून जुनी, कॉलेजात छात्रसेनेत असताना लागलेली. संसारात ती वीस वर्षं मागे पडली. इथे शेजारच्या आजोबांकडे रायफल आहे असं कळल्यावर ती पुन्हा वर आली.

हे शेजारी सत्तरी ओलांडलेले, एकटे राहणारे. तरुणपणी हर्लिंग, म्हणजे इथला काठी-चेंडूचा खेळ, खेळताना चेंडू लागून त्यांचा डावा डोळा गेला. उजवा शाबूत आहे, आणि ते सगळं त्याच डोळ्याच्या जोरावर करतात: वाचन, गाडी चालवणं, नेम धरणं. रायफल खांद्याला लावली की तो उजवा डोळा बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत बंद करणाऱ्या खिट्टीच्या, वीतभर मागे येतो. काडतुसात दारू जास्त झाली आणि काही फुटलं, तर पहिली झळ तिथेच. म्हणून दारूच्या मापाबद्दल मी जरा जास्तच कडक आहे.

आमच्याकडे घरी काडतुसं भरत नाहीत. दारू आणि प्रायमर रेंजवरच कुलपात असतात. दीड तास गाडी चालवत जायचं, तिथल्या खोलीत अधिकाऱ्याच्या नजरेखाली भरायचं, आणि तिथेच उडवायचं. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून न देता ती साफ करून पुन्हा वापरतात. तिच्या बुडात नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टिकली, बसवायचा, आत मोजून दारू ओतायची आणि वर गोळी दाबायची. आजोबांचे हात आता थरथरतात, म्हणून दारू मी मोजते आणि गोळ्या ते दाबतात. त्यासाठीचा काटा माझा आहे. तो घरी असतो आणि दर वेळी डब्यात घालून मी तो बरोबर नेते.

दारूचं माप ग्रेनमध्ये असतं. एक ग्रेन म्हणजे फार बारीक वजन. आपला सोनाराचा जुना तोळा एकशे ऐंशी ग्रेनचा भरतो. आमच्या रायफलीसाठी पुस्तकात दिलेल्या कमाल मापापेक्षा मी दीड ग्रेन खालीच थांबायचे. हात राखून भरायची मला सवय. आजोबा त्याला हसायचे.

"मिसेस, तुमची गोळी निशाण्यापर्यंत चालत जाते," ते म्हणायचे. "वाटेत चहाला थांबते."

त्या महिन्यात त्यांना लांबच्या पल्ल्याच्या सामन्यात उतरायचं होतं, म्हणून त्यांनी एक ग्रेन वाढवून मागितला. मी अर्धा दिला. म्हणजे कमाल मापापासून आम्ही आता एकच ग्रेन खाली होतो.

आता घरातली गोष्ट. सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्या कोल्हापूरकडच्या, खेड्यात वाढलेल्या. खंडेनवमीला संध्याकाळी कामावरून आले, तर हॉलमध्ये पाटावर त्यांनी घरातली सगळी अवजारं मांडली होती. नवऱ्याचा लॅपटॉप, स्क्रू-ड्रायव्हरचा संच, गवत कापायचं यंत्र, मिक्सरचं भांडं, आणि मधोमध माझा काटा. सगळ्यांना हळद-कुंकू, फूल आणि अक्षता.

"आई, तो काटा नाजूक असतो," मी म्हटलं.

"नाजूक हाय म्हणून पुजू नगं व्हय? अवजार हाय न्हवं तुझं?"

"अवजार आहे."

"मग झालं. लॅपटॉप बी नाजूकच हाय. त्यो काय बोलला न्हाई."

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सकाळी त्यांनीच सगळं पुसून ठेवलं. काट्याची ताटली मी पाहिली. चकचकीत होती. तिची कड खालून आत वळलेली आहे, तिकडे बघायचं मला सुचलं नाही. कुणाला सुचलं असतं असंही वाटत नाही.

शनिवारी काम नेहमीसारखं सुरू झालं. काटा चालू केला, रिकाम्या ताटलीसकट शून्यावर आणला, ठरावीक वजन ठेवून तपासला. ताटलीत दारू मोजायची, नरसाळ्यात रिकामी करायची, बोटाने टिचकी मारायची, की पुढची. दर दहा काडतुसांनंतर रिकामी ताटली ठेवून शून्य येतं का ते मी बघते. दहाला आलं, वीसला आलं, तिसाला आलं. चाळीस झाल्यावर, काम संपलंच म्हणून, शून्य न बघता मी काटा बंद केला आणि टेबल झाडायला ब्रश घेतला. आजोबांनी तोवर काडतुसं दोन डब्यांत वीस-वीस भरली, जशी हाताला येतील तशी, आणि एक डबा घेऊन ते बाहेर गोळीबाराच्या रांगेत सहा नंबरच्या जागेकडे गेले.

टेबलावरच्या हिरव्या चटईवर मला एक तांदूळ दिसला. एका टोकाला पिवळा, दुसऱ्याला लाल.

तो कुठून आला हे क्षणात कळलं. ताटली उलटी केली, तर वळलेल्या कडेत हळदीचा सुकलेला पापुद्रा होता. म्हणजे मी शून्य धरलं ते अक्षतेसकट. ती गळून पडली तेव्हा ताटली हलकी झाली, आणि तेवढी भर मी न कळत दारूने काढली. एक अक्षता असेल तर काही बिघडत नव्हतं. चार असतील तर आम्ही कमाल मापाच्या वर होतो. काटा मी बंद केला होता. परत चालू केला की तो रिकाम्या ताटलीला शून्यच म्हणतो, त्यामुळे नक्की किती वजन गळलं ते त्याच्याकडून कळायचा मार्ग नव्हता.

अधिकारी दारातच उभा होता. मी म्हटलं, "सहा नंबरला थांबवा. लगेच." त्याने का म्हणून विचारलं नाही. भिंतीवरचं बटण दाबलं, बाहेर भोंगा वाजला, आणि तो धावला. मीही मागोमाग.

आजोबा सहा नंबरला होते. रायफल स्टँडवर, बोल्ट उघडा, काडतुसांचा डबा न उघडलेला. ते पाच नंबरच्या माणसाला गेल्या उन्हाळ्यातल्या हर्लिंगच्या कौंटी फायनलची हकीकत सांगत होते आणि अजून मध्यंतरापर्यंतच पोचले होते. त्यांच्या बोलण्याचा मला आजवर अनेकदा कंटाळा आला आहे. त्या दिवशी मी त्यांचा डबा छातीशी धरला आणि त्या मध्यंतराचे मनात आभार मानले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "युअर मॅनला, या पाच नंबरच्याला, तरी गोष्ट पुरी ऐकू द्या."

मी सांगितलं. तांदूळ, हळद, काटा, पूजा. चेहरा न बदलता त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमच्या सासूबाईंनी काट्याला आशीर्वाद दिला."

"हो."

"आणि तो गळून पडला."

"हो."

"आमच्याकडेही असं होतं," ते म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला, काच पुसली, आणि त्याच हाताने उजव्या डोळ्यावरून एकदा अलगद बोट फिरवलं. तेव्हा मला कळलं की त्यांनाही सगळं कळलं आहे.

शेवटच्या दहांत गडबड होती एवढं नक्की. पण ती दहा दोन डब्यांत कुठे मिसळली होती ते कुणालाच माहीत नव्हतं. अख्खं काडतूस वजन करून उपयोग नसतो; पुंगळ्यांच्या आपापसातल्या वजनातच त्याहून जास्त फरक असतो. मी घरी फोन लावला.

"आई, काट्यावर अक्षता किती वाहिल्या होत्या?"

"किती म्हंजे?"

"किती दाणे?"

"अगं, अक्षता कुणी मोजतं व्हय? चिमूटभर. पण सकाळी पुसलं की म्या. का गं, काय झालं?"

मी काय ते सांगितलं. आजोबांच्या डोळ्याची गोष्ट त्यांना ठाऊक होती. रोज सकाळी कुंपणापलीकडून ते हात करायचे आणि या नमस्कार करायच्या. त्या म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याला एकबी उडवू देऊ नगंस. म्या सव्वा रुपाया बोलते देवाला." आणि फोन ठेवला.

चिमटीत पंधरा-वीस दाणे सहज मावतात. मी तोंडी हिशोब करत होते आणि तो मला आवडत नव्हता.

इकडे आजोबा अधिकाऱ्याला सांगत होते, "हरवलेल्या वस्तूंचा संत आहे ना, त्याला मी पाच युरो कबूल केलेत. ती दहा सापडू देत."

"संत सगळे डबे उघडायला येणार नाही," अधिकारी म्हणाला आणि कपाटातून हातोडा काढून त्याने माझ्यापुढे ठेवला.

हा हातोडा प्लॅस्टिकचा आणि पोकळ असतो. त्यात काडतूस उलटं अडकवून लाकडावर आपटलं की गोळी आणि दारू सुटून त्याच्या पोटात पडतात. तीन-चार ठोक्यांत एक काडतूस उघडतं. आम्ही चाळीसच्या चाळीस उघडली. ठोकायचं काम अधिकाऱ्याने केलं, गोळ्या वेचायचं आजोबांनी, आणि मी ताटली धुऊन, पुसून, कोरडी करून काटा नव्याने शून्यावर आणला आणि एकेक दारू मोजत गेले.

पहिलं बरोबर निघालं. दुसरंही. सहावं तीन दशांश ग्रेनने जास्त भरलं. मी ते पुन्हा मोजलं. पुढची बरोबर. मग पुन्हा एक तीन दशांश. अधिकारी ठोकत राहिला. मी वाट बघत होते ती दोन ग्रेन जास्त निघणाऱ्याची, आणि ते येईना. दुसरा डबा संपत आला तेव्हा आजोबांनी विचारलं, "कसं आहे?"

"अजून तरी बरं आहे."

"अजून तरी, म्हणते," ते अधिकाऱ्याला म्हणाले. "या बाईच्या लग्नात भटजीला सुद्धा तीनदा तपासलं असेल."

चाळीसावं बरोबर निघालं. जास्तीची एकूण सात, आणि सातही तीन दशांशानेच. मी तो तांदूळ चिमट्याने उचलून ताटलीत ठेवला. काट्याने शून्य पूर्णांक तीन दाखवलं.

एकच दाणा होता. बाकीची चिमूट सासूबाईंच्या फडक्याबरोबर केव्हाच कचऱ्यात गेली होती. तेहेतिसाव्यानंतर कुठल्यातरी टिचकीला हा शेवटचा सुटला. सातही काडतुसं कमाल मापाच्या खालीच होती, सात दशांश ग्रेनने. उडवली असती तरी काही झालं नसतं. मी खुर्चीवर बसले.

"ग्रँड," आजोबा म्हणाले. मग जरा थांबून, "आणि मी मागितला तसा अख्खा ग्रेन दिला असतात तर?"

"तर फक्त दोन दशांश उरले असते."

"तेही खालीच."

"हो. पण दोन दाणे असते तर वर."

त्यांनी मान हलवली. "चहाला थांबू दे गोळीला," ते म्हणाले. "मला काही घाई नाही."

त्या दिवशी पुन्हा भरायला वेळ उरला नाही. पुढच्या शनिवारी आम्ही परत गेलो, ताटली तिघांनी खालून-वरून पाहिली, आणि माप मी पूर्वीसारखं कमालपेक्षा दीड ग्रेन खाली नेलं. आजोबांनी हरकत घेतली नाही. सामन्यात त्यांचा नंबर खालून तिसरा आला. दोष वाऱ्याचा होता, असं त्यांनी येताना दीड तास सांगितलं, आणि मी ते सगळं ऐकलं.

घरी सासूबाई दारातच होत्या. आजोबांना त्यांनी जवळून न्याहाळलं, दोन्ही हात त्यांच्या कानशिलांवरून ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. आजोबा माझ्याकडे बघायला लागले.

"हे काय?"

"दृष्ट काढली," मी म्हटलं.

"आता यात तांदूळ नव्हता ना?"

मी ते मराठीत सांगितल्यावर सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "म्हणावं, पुढल्या खंडेनवमीला नुसतं फूल. तेबी लांबनं."

राहिला नवस. त्या सव्वा रुपया बोलल्या होत्या, पण इथे रुपया चालत नाही आणि जवळ देऊळ नाही. आजोबा रविवारी चर्चला निघाले तेव्हा सासूबाईंनी मला विचारलं, "त्यांचा द्येव काय करतो?"

"हरवलेलं शोधून देतो," मी सांगितलं.

"मग त्योच हा. आपला दाणा त्यानंच दावला." आणि पायात चपला सरकवून त्या आमच्याबरोबर निघाल्या. चर्चच्या दारात त्यांनी चपला काढल्या. फरशी गार होती. आजोबांनी क्षणभर विचार केला आणि टोपी आधीच काढलेली असल्यामुळे हातमोजे काढले.

पुतळ्याच्या पायाशी लोखंडी पेटी होती. आजोबांनी पाचाची नोट घडी करून आत सरकवली. सासूबाईंनी मुठीतली नाणी मला मोजून घ्यायला लावली: एक युरोचं, एक वीस सेंटचं, एक पाचाचं. मी मोजली, बरोबर होती, आणि त्यांनी ती एकेक करून टाकली. एकूण सहा युरो पंचवीस सेंट, हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या संताला.