वाजतगाजत आलेली मेथी

चिपळूणहून पुण्याला जाणारी एस.टी. पहाटे सुटायची आणि मी त्या दिवशी तिच्याही आधी तासभर स्थानकावर हजर होते. एकटीनं घाट चढून जाण्याची ही माझी पहिलीच वेळ. वय अठ्ठावीस, नोकरी एका धर्मादाय न्यासाच्या कचेरीत, आणि पिशवीत एक वही, दोन साड्या आणि आईनं बळेच कोंबलेली घावनं. कंडक्टरनं "एकच का?" असं विचारल्यावर मी "एकच!" असं इतक्या जोरात म्हणाले की पुढच्या बाकावरचे गृहस्थ दचकून जागे झाले.

निघाले कशासाठी ते आधी सांगते. आमचा न्यास म्हणजे कौलांच्या धंद्यात वर आलेल्या एका सज्जन गृहस्थांनी मागे ठेवलेली पुंजी. तिच्यातून शाळेला बाकं, दवाखान्याला खाटा, गरीब मुलांना पुस्तकं असं द्यायचं. दिलं की विषय संपला. अशात पिंपरीहून एक पत्र आलं. आणीबाणी उठून तेव्हा एखादं वर्ष झालं असेल. कारखान्यांतल्या कामगारांच्या वस्तीतल्या काही बायका चऱ्होलीच्या शेतकऱ्यांकडून थेट भाजी आणून वस्तीत विकत होत्या. त्यांना एक जुना तीनचाकी टेम्पो घ्यायचा होता. आमचा पत्ता त्यांना शेजारच्या एका कोकणी कामगारानं दिलेला. पत्राच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "देणगी नको. कर्ज द्या. फेडू."

देणगी नको म्हणणारं माणूस आमच्या विश्वस्तांनी कधी पाहिलंच नव्हतं. एकाला तो उद्धटपणा वाटला, दुसऱ्याला लबाडी. शेवटी कार्यवाह नाना मला म्हणाले, "तू जाऊन बघून ये. सगळं लिहून आण. पण तिथं कुणाला हो म्हणायचं नाही, ते आम्ही ठरवू." मी मान डोलावली. त्या क्षणी मला नानांनी अंदमानला जायला सांगितलं असतं तरी मी मान डोलावली असती.

कुंभार्ली घाटात गाडी वळणं घेत होती आणि मी खिडकीला नाक लावून बसले होते. कऱ्हाड सुटलं, डोंगर बाजूला सरले आणि एवढं मोठं आभाळ पुढं आलं की मला हसूच फुटलं. आमच्याकडे आभाळ माडांच्या झावळ्यांतून तुकड्यातुकड्यानं मिळतं. इथं सबंध ठाण उलगडून ठेवलेलं! त्याच्याखाली ज्वारी, हरभरा, उसाचे फड, आणि मध्येच एखादं बाभळीचं झाड, राखणीला उभं केल्यासारखं.

पुण्यात बस बदलून पिंपरीला उतरले तेव्हा दिवस कलला होता. कारखान्यांची फाटकं नुकतीच उघडली होती आणि त्यांतून सायकली बाहेर पडत होत्या. किती? मोजायचा प्रश्नच नव्हता. नदीला पूर यावा तशा सायकली! प्रत्येक हँडलला डब्याची पिशवी, आणि घंट्यांचा असा किणकिणाट की एखाद्या देवळात सगळे भक्त एकदम शिरले असावेत. मी रस्त्याच्या कडेला तोंड उघडं टाकून उभी. तेवढ्यात मागून आवाज आला, "तुम्हीच का त्या कर्जवाल्या बाई?"

या वत्सलाबाई. त्यांनीच ते पत्र लिहिलं होतं. चाळिशीच्या, ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, आणि चालताना पुढच्या माणसाला आपोआप वाट सोडावीशी वाटेल अशा. त्यांचे यजमान एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला होते. माझी पिशवी त्यांनी हातातून काढूनच घेतली.

दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, स्टोव्हवर काहीतरी रटरटणारं. येणारी प्रत्येक बाई दारातून "जय भीम" म्हणत आत यायची आणि माझ्याकडे निरखून पाहून बसायची. पुढ्यात भाकरी आणि हुलग्याचं माडगं (पातळ पेजेसारखा प्रकार) आलं. पहिला घोट घेतला आणि मी ओरडलेच, "अहो, हा तर आमचा कुळीथ!"

"असेल," वत्सलाबाई म्हणाल्या. "घाट चढताना नाव बदललं असेल त्यानं." सगळ्याजणी हसल्या आणि त्या हसण्यात मी त्यांच्यातलीच होऊन गेले.

मग त्यांनी दुखणं सांगितलं. चऱ्होली तिथून चार कोसांवर. पण तिथली भाजी आधी पुण्याच्या मंडईत जायची, तिथं दोन-तीन हातांतून फिरायची आणि मग हातगाडीवरून उलटी पिंपरीला यायची. "येता येता म्हातारी व्हायची," वत्सलाबाई म्हणाल्या. "आणि म्हातारी झाली म्हणून स्वस्त नाही हं, उलट महाग! पिकवणाऱ्याला मिळत नाही, खाणाऱ्याला परवडत नाही. मग आम्ही म्हटलं, मधली वाट आपणच चालू."

दुसऱ्या दिवशी सकाळी वत्सलाबाई, त्यांची मैत्रीण लीला आणि मी चऱ्होलीला निघालो. बसनं थोडं, पुढं पायी. इंद्रायणीच्या काठानं मेथीचे वाफे असे हिरवेगार पसरलेले की कुणी नुकतेच धुऊन वाळत घातलेत असं वाटावं. किसनभाऊ वाफ्यातच भेटले. तिथले जुने शेतकरी, डोईला मुंडासं, मिशा पांढऱ्या.

"कोकनातनं आलाय व्हय?" त्यांनी विचारलं. "मंग आमचं माळवं (भाजीपाला) बघा की. न्हाई आवडलं तर तसं सांगा. आमी काय रागवत न्हाई."

कडुनिंबाखाली पोतं अंथरलं होतं. त्यावर एका बाजूला किसनभाऊ, त्यांची बायको हौसाबाई आणि शेजारचे दोघे शेतकरी. दुसऱ्या बाजूला वत्सलाबाई आणि लीला. आठवड्याचा भाव ठरायचा होता. मी वही उघडली आणि पुढचा अर्धा तास माझी पेन्सिल नुसती धावत होती.

"ही जुडी हाय का करंगळी?" लीला म्हणाली. तीही आता गावच्या बोलीवर आली होती.

"करंगळी?" हौसाबाई उसळल्या. "अगं, खुडून खुडून माझी बोटं हिरवी झाली! तुझ्या बापानं खुडलीवती का अशी मेथी?"

"माझ्या बापाला वावर असतं तर खुडली असती!"

मग हौसाबाईंनीच जुडीत आणखी चार काड्या घातल्या, आणि लीलानं भाव दोन पैशांनी वाढवला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही, पण दोघीही हसत होत्या.

मला तराजूचं नवल वाटलं. वजन लीला करत होती आणि शेतकरी शांत बसले होते. वत्सलाबाई हळूच म्हणाल्या, "पहिल्या खेपेला आमच्या हाती तराजू दिलाच नव्हता. भाजी लांब ठेवायचे, पैसे लांब ठेवायला सांगायचे. मी म्हटलं, असा धंदा करायला मला वेळ नाही. तीन आठवडे आलोच नाही. चौथ्या आठवड्यात किसनभाऊ स्वतः पिंपरीला आले, माझ्या घरी चहा प्याले. आता तराजू एक आठवडा त्यांचा, एक आठवडा आमचा."

मग त्यांनी खरी गोष्ट काढली. "बाई, पत्रात लिहायचं राहिलं. नुसतं कर्ज देऊ नका. तुमच्या न्यासानं या धंद्यात एक भागही घ्यावा. एक शेतकऱ्यांचा, एक आमचा, एक तुमचा."

"तो कशाला?"

"नुसतं कर्ज दिलंत तर आम्ही बुडालो तरी तुम्ही वसूल करणार. भाग घेतलात तर आमच्याबरोबर तुमचंही बुडेल. मग तुम्ही नीट लक्ष द्याल!"

किसनभाऊ खो खो हसले. मी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं, आणि विश्वस्तांची तोंडं डोळ्यांपुढं आणून मलाही हसू आवरेना.

दुपारी भाड्याचा टेम्पो यायचा होता. तो आलाच नाही. सायकलवरून निरोप आला की दुसऱ्या कुणीतरी जास्त भाडं देऊन तो नेला. हसणं थांबलं. मेथी, वांगी, कांद्याची पात, सगळं खुडून डालग्यांत (बांबूच्या मोठ्या टोपल्यांत) भरलेलं, ऊन वाढलेलं, आणि साडेतीनला पहिली पाळी सुटणार. पाळी सुटायची वेळ चुकली की गिऱ्हाईक गेलं, आणि माल दुसऱ्या दिवशी गुरांपुढं.

"गाडी जुंपतो," किसनभाऊ म्हणाले. "सडकेपतूर तर जाऊ. म्होरचं म्होरं."

बैलगाडीतून आळंदीच्या सडकेवर आलो. एक ट्रक गेला, भरलेला. दुसरा थांबलाच नाही. वत्सलाबाई ओल्या फडक्यानं मेथी झाकत होत्या. आणि तेवढ्यात धुळीतून एक मोटार आली, दोन्ही अंगांवर मोर रंगवलेली, टपावर भला मोठा ढोल बांधलेला. चाकणचं लग्न वाजवून चिंचवडला परत निघालेला बँड!

लीला सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. गाडी करकचून थांबली. जरीच्या लाल कोटातले मास्तर खाली उतरले. हकीकत ऐकली, डालग्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "घ्या आत. पण क्लॅरिनेटवर कुणी बसू नका, राव."

तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. आत सहा वाजंत्रीवाले, आम्ही तिघी, किसनभाऊ आणि अख्खं माळवं. माझ्या मांडीवर वांग्यांचं डालगं, पाठीशी झांजा, प्रत्येक खड्ड्याला झांजा आपोआप वाजायच्या. जागा नाही म्हणून मोठ्या पितळी वाद्याच्या तोंडात मेथीच्या जुड्या उभ्या केलेल्या. भोसरी येईपर्यंत मास्तरांनी लग्नातला उरलेला लाडू काढला, त्याचे दहा तुकडे झाले. किसनभाऊ म्हणाले, "माज्या लग्नात बी बँड नव्हता. आन् आज मेथीला हाय!"

पिंपरीला पोचलो आणि भोंगा झाला. फाटक उघडलं. मास्तर म्हणाले, "मुकाट्यानं विकायची होय? वाजवा रे!" पहिल्या फुंकरीला पितळी तोंडातून मेथीची पानं उडाली आणि मग असा काही गजर सुरू झाला की सायकलींचा पूर जागच्या जागी थांबला. कुणाचं लग्न आहे म्हणून वस्तीतल्या बायका धावत आल्या. आल्या त्या पिशवी घेऊनच परतल्या. मी कधी जुड्या द्यायला लागले कळलंच नाही. "ताजी मेथी! चऱ्होलीची मेथी!" असं माझ्या कोकणी हेलात ओरडत होते. एक कामगार म्हणाला, "ताई, ही मेथी आहे की मासळी?" तरी त्यानं दोन जुड्या घेतल्या.

डालगी रिकामी होत आली तेव्हा गर्दीतून एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "आज आलात. उद्याचं काय? उद्या येणार का?"

वत्सलाबाई हातातलं ओलं फडकं पिळत राहिल्या. आणि गाडीच्या पायरीवर उभी असलेली मी, डोक्यात ढोल घुमत असताना, मोठ्यानं म्हणाले, "येणार! रोज येणार! टेम्पो मिळणार!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या, मास्तरांनी झांज. जे म्हणायचं नव्हतं नेमकं तेच मी अख्ख्या पाळीसमोर म्हणून बसले होते.

घरी चहा देताना वत्सलाबाई म्हणाल्या, "बाई, तुम्ही बोललात ते गर्दीत. ते मी धरत नाही. कागद आला की धरीन." इतक्या मायेनं म्हणाल्या की मला रडूच आलं.

परतीच्या बसमध्ये मी सगळा घाट उतरेपर्यंत बैठकीत काय बोलायचं ते घोकत होते. बैठकीत मात्र सरळ कबूलच करून टाकलं, "मी हो म्हणून आलेय." नानांनी चष्मा काढला. मी घाईघाईनं वही वाचायला सुरुवात केली. जुडीचं भांडण, तराजू, बुडण्याचं वाक्य, सगळं. ज्यांना पत्रात लबाडी दिसली होती ते भाऊसाहेब खिडकीबाहेर पाहत ऐकत होते.

"भाव ठरवायला शेतकरी स्वतः बसतो?" त्यांनी मध्येच विचारलं.

"हो. पोत्यावर. समोरासमोर."

"माझा आंबा मुंबईला जातो," ते म्हणाले. "काय भावानं गेला ते मला आठ दिवसांनी पोस्टकार्डानं कळतं. चाळीस वर्षं झाली, मला कुणी पोत्यावर बसवलं नाही." मग नानांकडे वळून म्हणाले, "कर्ज द्या. आणि भागही घ्या."

कागद गेला. टेम्पो आला. पहिल्याच दिवशी तो वाटेत बंद पडला आणि भाजी घ्यायला आलेल्या बायकांनीच तो ढकलत आणला, असं वत्सलाबाईंचं पत्र होतं. पत्रात तक्रार अजिबात नव्हती.

मला मात्र त्या प्रवासानं एक खोड लागली. परवा चिपळूणच्या बाजारात मी वांगी हातात घेऊन विचारलं, "ही कुठची?"

"घाटावरची," भाजीवाले काका म्हणाले.

"घाटावर कुठली? कुणाच्या शेतातली?"

"बाई, वांगी घ्यायची आहेत की त्यांचं लग्न जमवायचंय?"

मी हसले, अर्धा किलो घेतली, आणि तिथंच उभी राहिले. काकांनी दुसरं गिऱ्हाईक केलं, तिसरं केलं. शेवटी तराजू खाली ठेवून डोकं खाजवत म्हणाले, "खरं सांगू? इतकी वर्षं विकतोय, मलाही ठाऊक नाही. उद्या गाडीवाल्याला विचारून ठेवतो."