राग पाहणारे गृहस्थ

जव्हारहून कॉलेजच्या परीक्षेला बैलगाडीने निघालो होतो. संध्याकाळची आगगाडी चुकली असती तर वर्ष वाया गेले असते. घाटात बैल खाली बसला.

“उठल तवा जाऊ, दादा,” गाडीवान म्हणाला. मी चरफडलो.

शेजारचे अनोळखी गृहस्थ डोळे मिटून पुटपुटत होते, “राग आहे. राग आहे.” मी विचारल्यावर कळले, ते ब्रह्मदेशात भातगिरणीवर नोकरीला असताना एका बौद्ध भिक्षूने त्यांना शिकवले होते, रागाला हाकलू नये, नुसते पाहत बसावे.

शांत माणसाला राग येतच नाही, असे मला तोवर वाटे.

“मलाही शिकवा,” मी चाचरत म्हणालो.

त्यांनी एक डोळा उघडला. “आधी माझा उतरू दे.”

थोड्या वेळाने बैल उठला. आम्हा दोघांना आगगाडीही मिळाली. बरीच स्टेशने गेल्यावर ते म्हणाले, “हं, उतरला. बस आता, शिकवतो.”