सिडर बेंडची वाळू

सोमवारी ट्रक येऊन गोल्फ मैदानाच्या ग्रीनवरची वाळू उचलून नेणार होते. त्याआधीच्या शनिवारी सिडर बेंड कॉलेजने गोल्फच्या सगळ्या जुन्या खेळाडूंना बोलावलं होतं. शेवटची एक फेरी आणि मग जेवण, असा बेत होता. सकाळी आठपासून ऑर्लन टीमन पत्र्याच्या शेडपाशी खुर्ची टाकून बसला होता. आलेल्यांना भेटायला, असं त्याने बायकोला सांगितलं होतं. तिने ते ऐकून घेतलं.

"वेंडल नाही आला तर दिवसभर तोंड पाडून बसू नकोस," लिओटा म्हणाली. कोबी आणि खिमा भरलेल्या पावांचा, बिरॉकचा, डबा तिने बाकावर ठेवला. "एकोणीस वर्षांत आला नाही तो. आजच कशाला येईल?"

"मी कुठे त्याचं नाव काढलं?"

"तेच तर."

एकतीस वर्षं ऑर्लनने इथल्या पोरांना गोल्फ शिकवला. खरं तर त्याची नेमणूक भूगोलासाठी होती. संघ त्याच्या गळ्यात पडला, कारण पाच मुलं आणि पाच पिशव्या मावतील एवढी गाडी सगळ्या प्राध्यापकांत त्याच्याकडेच होती. मुलं गव्हाच्या शेतांतली. खांदे मजबूत, आणि वाऱ्याची सवय जन्मापासूनची. इथला वारा मार्चमध्ये सुटतो तो कापणीपर्यंत थांबत नाही. ती चेंडू खालून मारत, गवताच्या उंचीने, सरळ. शहरी कॉलेजांची पोरं हसत. मग वारा सुटला की हसणं थांबे.

अडायचं ते ग्रीनवर, होलभोवतीच्या तुकड्यावर. पश्चिम कॅन्ससमध्ये पाणी पिकाला पुरत नाही, तिथे हिरवळीला कोण देणार? म्हणून सिडर बेंडच्या नऊही ग्रीनवर तेल मारलेली काळी वाळू होती. चेंडू वाळूवर पडला की एकाने लोखंडी नळी ओढून होलपर्यंत एक गुळगुळीत पट्टा करायचा. मग दोरीने अंतर मोजून ज्याने त्याने आपला चेंडू उचलायचा, तेवढ्याच अंतरावर पट्ट्यावर ठेवायचा आणि मारायचा. इथला नियमच तो. बाहेर, खऱ्या हिरवळीवर, चेंडू जिथे थांबला तिथूनच खेळायचा. खूण न करता बोटही लावायचं नाही.

त्यासाठी ऑर्लनने व्यायामशाळेच्या मागे एक हिरवळ वाढवली. खोलीएवढी. चार उन्हाळे तो आणि वेंडल स्टुकी तिला बादल्यांनी पाणी घालत होते. वेंडल अबोल, लांब हातांचा. पाणी घालताना तो गवताशी बोलायचा, आणि ऑर्लन ऐकू न आल्यासारखं करायचा. ऑर्लनला मूलबाळ नव्हतं. ही गोष्ट तो वेंडलच्या संदर्भात कधी मनातसुद्धा बोलला नव्हता.

एकोणीसशे पंचाहत्तर. अलाबामा. छोट्या कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा, शेवटचा दिवस. फळ्यावर सिडर बेंड एका फटक्याने पुढे होतं आणि अठराव्या ग्रीनवर शेवटचा खेळाडू उरला होता वेंडल. ऑर्लन उतारावरच्या झाडाखाली उभा होता. वेंडलबरोबर खेळणाऱ्या, दुसऱ्या संघातल्या जोडीदाराचा चेंडू होलमध्ये गेला. तो काढायला जोडीदार वाकला. आणि वेंडलने आपला चेंडू उचलला, वीतभर बाजूला, जोडीदाराचा चेंडू जिथून नुकताच घरंगळत गेला होता त्या रेघेवर ठेवला, आणि मारला. चेंडू आत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या कोणी काही पाहिलं नव्हतं.

वाळूवर लहानपणापासून हात जे करत आला, तेच हाताने केलं होतं. दंड दोन फटके. म्हणजे विजेतेपद गेलं.

ऑर्लन कॉफीच्या टेबलाकडे गेला. एक कप घेतला, उभ्याने संपवला. मग फटके मांडलेल्या कार्डावर सही करायच्या तंबूकडे चालत जाऊन त्याने वेंडलला गाठलं.

"चेंडू हलवलास तू. अठराव्यावर."

"कधी?" वेंडल म्हणाला.

मग त्याने खाली बघितलं, पेन्सिल मागून घेतली आणि कार्डावरचा आकडा दोनने वाढवला. परतीच्या वाटेवर हजार मैल गाडीत कोणी बोललं नाही. जूनमध्ये वेंडल पदवी घेऊन गेला. पुढे सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, तीनदा संघ जिंकला. करंडक कपाटात ठेवताना प्रत्येक वेळी ऑर्लनला वाटे, त्या पोराचं मन आपण मोडलं ते मोडलंच. आपण गप्प राहावं, असं तेव्हा त्याला वाटलं असेल का? एवढंच ऑर्लनला विचारायचं होतं.

दहा वाजता त्याच संघातला कर्बी पेन्नर ओरडला, "कोच, तो बघा कोण आलाय. लेका वेंडल, केस कुठे विसरून आलास?"

"तुझं पोट बघून घाबरून पळाले," वेंडल म्हणाला.

तो ऑर्लनपाशी आला, हात मिळवला, आणि खुर्ची नव्हती म्हणून जमिनीवरच बसला. बिरॉक घेतला. अर्धा खाल्ला.

"कोच, एक सांगायचं होतं. मी 'कधी?' म्हणालो होतो ना, ते खोटं होतं. चेंडू आत पडला तेव्हाच मला कळलं होतं. तंबूकडे निघालो तो काही न सांगता, तसाच सही करायला."

ऑर्लनने डब्याचं झाकण लावलं.

"तुम्ही पाहिलंत ते बरं झालं. पण मी होऊन नाही बोललो, तुम्हाला सांगावं लागलं. नंतर तुमच्या समोर यायला तोंड कुठे होतं?"

शेडच्या पत्र्यावर वारा वाळू फेकत होता. ऑर्लनला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी एकोणीस वर्षं वाहिलेलं काहीतरी कोणी न विचारता उचलून नेल्यासारखं वाटलं. खांद्याला त्याची सवय झाली होती.

"मीही लगेच आलो नव्हतो," तो शेवटी म्हणाला. "आधी कॉफी प्यायलो. दुसऱ्या कोणी पाहिलं असेल, त्याने सांगावं, म्हणून."

"तुम्ही?"

"मी."

 वेंडलने बोटांना लागलेलं लोणी पँटला पुसलं.

"आकडा मात्र तूच बदललास," ऑर्लन म्हणाला. "मला आठवतंय. हात जरासुद्धा थरथरला नाही तुझा."

"थरथरत होता, कोच. तुम्ही दुसरीकडे बघत होता."